सिग्मा डेल्टा पाय : अमेरिकी विद्यापीठांतील स्पॅनिश ऑनर सोसायटीचे सदस्यत्व, पात्रता, कागदपत्रे आणि अर्जप्रक्रिया

अमेरिकेतील महाविद्यालयांत व विद्यापीठांत स्पॅनिश भाषा आणि स्पॅनिशभाषक जगाची संस्कृती यांचा अभ्यास करणाऱ्या गुणवंत विद्यार्थ्यांसाठी ‘सिग्मा डेल्टा पाय’ ही राष्ट्रीय पातळीवरची ऑनर सोसायटी आहे. तिची स्थापना १४ नोव्हेंबर १९१९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जर्मन भाषेचे वर्ग झपाट्याने ओस पडले आणि विद्यार्थ्यांचा ओघ स्पॅनिशकडे वळला. १९१७ मध्ये स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि पाठोपाठ दोन वर्षांत विद्यार्थ्यांची ही संस्था आली. बर्कलीची शाखा ‘अल्फा’ या पहिल्या ग्रीक अक्षराने ओळखली जाते. त्यानंतर देशभर सहाशेहून अधिक शाखा स्थापन झाल्या आणि प्रत्येकीला ग्रीक अक्षरांचेच नाव मिळत गेले.

या ग्रीक नावांमुळे, नव्याने अमेरिकेत गेलेल्या भारतीय विद्यार्थ्याचा हमखास एक गैरसमज होतो. तेथील आवारांत फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी या नावाने ओळखली जाणारी विद्यार्थी मंडळेही ग्रीक अक्षरांची नावे धारण करतात. त्यांचा निवासाशी, मैत्रीच्या वर्तुळाशी आणि सामाजिक जीवनाशी संबंध असतो. सिग्मा डेल्टा पाय त्या प्रकारची संस्था नाही. विद्यापीठातील ‘स्पॅनिश क्लब’ हीही वेगळी गोष्ट आहे, कारण क्लबमध्ये पहिल्या सत्राचा विद्यार्थीसुद्धा आवड म्हणून नाव नोंदवू शकतो. ऑनर सोसायटीचे सदस्यत्व अभ्यासाच्या नोंदीवरून ठरते, शाखेकडून निवड होते आणि एकदा मिळालेले सदस्यत्व आयुष्यभर टिकते. वार्षिक वर्गणी भरून ते चालू ठेवावे लागत नाही.

पात्रतेच्या अटी

पदवीपूर्व विद्यार्थ्यासाठी राष्ट्रीय पातळीवर ठरलेल्या अटी मोजक्या आहेत, पण प्रत्येक अट नीट समजून घ्यावी लागते. विद्यार्थ्याने महाविद्यालयीन दर्जाच्या स्पॅनिशचा तीन वर्षांचा अभ्यास किंवा त्याच्याशी समकक्ष अभ्यास पूर्ण केलेला असावा. या अभ्यासात तृतीय वर्षाच्या पातळीवरचा, स्पॅनिशभाषक जगाच्या साहित्यावरील अथवा संस्कृती व सभ्यतेवरील किमान एक अभ्यासक्रम, म्हणजे सत्रपद्धतीतील किमान तीन क्रेडिट (अभ्यासक्रमाचे वजन मोजण्याचे एकक), असणे बंधनकारक आहे. स्पॅनिशच्या सर्व अभ्यासक्रमांची मिळून सरासरी चारच्या श्रेणीमापनावर किमान ३.० असावी. एकूण गुणवत्तेनुसार विद्यार्थी आपल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये वरच्या ३५ टक्क्यांत असावा. महाविद्यालयातील किमान तीन सत्रे, किंवा जेथे वर्षाचे तिमाहीत विभाजन होते तेथे पाच तिमाह्या, पूर्ण झालेल्या असाव्यात. याखेरीज स्पॅनिशभाषक संस्कृतीविषयी खरी आस्था आणि चांगले वर्तन यांचीही अपेक्षा केलेली आहे.

यांपैकी सर्वांत जास्त विद्यार्थी अडतात ते साहित्य-संस्कृतीच्या अभ्यासक्रमापाशी. तृतीय वर्षाच्या पातळीवर स्पॅनिश विभाग अनेक विषय शिकवतात : प्रगत व्याकरण, संभाषण, उच्चारशास्त्र, व्यावसायिक स्पॅनिश, वैद्यकीय क्षेत्रासाठीचे स्पॅनिश, भाषांतर. हे सारे उपयोगाचे विषय आहेत आणि त्यांतल्या श्रेणी सरासरीत धरल्या जातात, परंतु त्यांनी ही अट पूर्ण होत नाही. परिचारिका होऊ इच्छिणारी एखादी विद्यार्थिनी वैद्यकीय स्पॅनिशचे दोन अभ्यासक्रम उत्तम श्रेणीत पूर्ण करते आणि तिला वाटते की आपली पात्रता पक्की झाली. प्रत्यक्षात तिच्या नोंदीत साहित्याचा किंवा संस्कृतीचा एकही अभ्यासक्रम नसतो. म्हणूनच दुसऱ्या वर्षातच विभागाची अभ्यासक्रम-पुस्तिका उघडून, साहित्याची ओळख, स्पेनची सभ्यता, लॅटिन अमेरिकेची सभ्यता अशा शीर्षकांचे कोणते वर्ग कोणत्या सत्रात भरतात आणि त्यांना बसण्यापूर्वी कोणता अभ्यासक्रम पूर्ण झालेला असावा लागतो, हे पाहून ठेवावे. लहान महाविद्यालयांत असे वर्ग वर्षाआड एकदाच भरतात आणि एक सत्र चुकले की शेवटच्या वर्षापर्यंत थांबावे लागते.

माझ्या मते ही अट ठेवण्यामागचा विचार अगदी योग्य आहे. ही संस्था केवळ भाषा बोलता येणाऱ्यांची नाही. ज्याने एखादी कविता, एखादे नाटक, एखाद्या देशाचा वसाहतीचा आणि स्वातंत्र्याचा इतिहास स्पॅनिशमधूनच वाचला आहे, त्याच्या हाती आवारात त्या संस्कृतीची ओळख करून देण्याचे काम सोपवणे रास्त ठरते.

‘समकक्ष अभ्यास’ या शब्दांचा अर्थ संबंधित विभाग लावतो. शाळेत ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट ही महाविद्यालयीन पातळीची परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दोन वर्षांचे काही अभ्यासक्रम माफ होऊ शकतात. विभागाच्या स्तरनिश्चिती चाचणीतून थेट तृतीय वर्षाच्या वर्गात प्रवेश मिळाल्यास खालच्या पातळीचा अभ्यास झाला असे विभाग धरू शकतो. ज्यांच्या घरी मेक्सिकन, पोर्तो रिकन किंवा कोलंबियन स्पॅनिश बोलली जाते असे विद्यार्थीही याच मार्गाने वरच्या वर्गात येतात, पण त्यांनाही साहित्य किंवा संस्कृतीचा अभ्यासक्रम आणि सरासरी या दोन्ही अटी लागू राहतात. घरची भाषा आहे म्हणून सूट नाही, आणि घरची भाषा नाही म्हणून अडसरही नाही. स्पॅनिश हा मुख्य विषय असण्याचीही सक्ती नाही. जीवशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकणारा विद्यार्थी अटी पूर्ण करत असेल तर तो तितकाच पात्र ठरतो.

सरासरीबद्दल एक सावधगिरीची सूचना. येथे स्पॅनिशचे सर्व अभ्यासक्रम मोजले जातात, केवळ वरच्या पातळीचे नव्हेत. पहिल्या सत्रात घेतलेली एखादी कमी श्रेणी पुढे चांगले काम केल्याने आपोआप पुसली जात नाही. परदेशी सत्र करून आलेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. स्पेनमधील सेव्हिया किंवा अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेस येथे शिकलेल्या अभ्यासक्रमाचे क्रेडिट मूळ विद्यापीठाने हस्तांतरित केलेले असते, मात्र त्याची श्रेणी कित्येकदा सरासरीत धरली जात नाही. त्यामुळे अभ्यासक्रमाची अट त्यातून पूर्ण होते का आणि सरासरीवर त्याचा परिणाम होतो का, हे दोन प्रश्न सल्लागाराला स्वतंत्रपणे विचारावेत.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा मार्ग

एम.ए. किंवा पीएच.डी. करणाऱ्यांसाठी नियम सुटसुटीत आहे. पदव्युत्तर पातळीवरचे स्पॅनिशचे दोन अभ्यासक्रम पूर्ण झालेले असावेत आणि त्यांतील सरासरी अशी असावी की ती तशीच टिकवल्यास पदवी मिळण्यास विद्यार्थी पात्र ठरेल. महाराष्ट्रातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हाच मार्ग बहुधा अधिक सोयीचा पडतो. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत, स्पॅनिशचे वर्ग भरतात. तेथून किंवा अन्यत्र स्पॅनिश शिकून अमेरिकेतील स्पॅनिश विभागात अध्यापन-साहाय्यक म्हणून प्रवेश घेणाऱ्याला पहिल्या वर्षाच्या अखेरीस ही अट पूर्ण करता येते. भारतातील गुणपत्रिकेचे रूपांतर करत बसण्याची वेळ त्याच्यावर येत नाही, कारण मोजले जातात ते तेथील दोन अभ्यासक्रम.

पदवीपूर्व प्रवेश घेतलेल्या भारतीय विद्यार्थ्याने मात्र हे लक्षात ठेवावे की नवी दिल्लीच्या इन्स्तितूतो सेर्व्हान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषा-संस्थेमार्फत दिलेल्या ‘डेले’ या स्पॅनिश भाषाप्रावीण्य परीक्षेचे प्रमाणपत्र ऑनर सोसायटीच्या अर्जात आपोआप अभ्यासक्रमाची जागा घेत नाही. ते विभागाला दाखवावे, त्याच्या आधारे वरच्या वर्गात प्रवेश मागावा आणि तेथील श्रेणी मिळवावी, हा खरा उपयोग. गोव्यातून पोर्तुगीज शिकून गेलेल्यांसाठी ही संस्था नाही. पोर्तुगीजच्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत ‘फाय लॅम्डा बीटा’ ही वेगळी ऑनर सोसायटी आहे.

नागरिकत्व किंवा व्हिसाचा प्रकार हा पात्रतेच्या अटींत कोठेही येत नाही. सदस्य म्हणून केलेले काम विनावेतन असते, त्यामुळे विद्यार्थी व्हिसावरील व्यक्तीने सदस्य होण्यास अडचण नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांच्या अटी मात्र त्या त्या घोषणेत स्वतंत्रपणे वाचाव्यात.

कागदपत्रे

शाखेनुसार अर्जाचा नमुना बदलतो, तरीही मागितली जाणारी माहिती बहुतेक ठिकाणी सारखीच असते. विद्यापीठाचा विद्यार्थी क्रमांक, सध्याचे वर्ष, मुख्य विषय, पूर्ण केलेल्या स्पॅनिश अभ्यासक्रमांची क्रमांक, सत्र आणि श्रेणीसह यादी, आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढता येणारी अनधिकृत गुणपत्रिका. अन्य महाविद्यालयातून बदली घेऊन आलेल्यांनी तेथील गुणपत्रिकाही जोडावी, कारण स्पॅनिशचे सुरुवातीचे अभ्यासक्रम तेथे झालेले असतात. काही शाखा स्पॅनिशमध्ये लिहिलेला लहानसा मजकूर मागतात आणि त्यात भाषेचा अभ्यास का सुरू केला व शाखेच्या कोणत्या उपक्रमात काम करावयाचे आहे, हे विचारतात. हा मजकूर यांत्रिक भाषांतर वापरून लिहू नये. वाचणारे प्राध्यापक याच विद्यार्थ्याच्या वह्या वर्षानुवर्षे तपासत आलेले असतात.

अर्जात बहुधा एक संमतीची ओळ असते आणि ती अनेकजण न वाचता सोडून देतात. १९७४ च्या संघीय कायद्यानुसार अमेरिकेत विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद खासगी मानली जाते. आपली सरासरी व वर्गातील क्रम निबंधक कार्यालयाकडून पडताळून घेण्यास आणि आपले नाव व पात्रता राष्ट्रीय कार्यालयास कळवण्यास विद्यार्थ्याची संमती त्या ओळीतून घेतलेली असते. स्वाक्षरी राहून गेली तर अर्ज बाजूला पडून राहतो.

मराठी विद्यार्थ्यांनी नावाच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. महाराष्ट्रात काढलेल्या पारपत्रात विद्यार्थ्याच्या नावाला जोडूनच वडिलांचे नाव येते आणि अमेरिकी विद्यापीठाच्या नोंदीत ही दोन्ही नावे मिळून एकच पहिले नाव होऊन बसते. सल्लागाराने यादी थेट विद्यापीठाच्या नोंदीवरून केली तर प्रमाणपत्रावर तेच छापले जाते. प्रमाणपत्रावर नाव कसे हवे, हे अर्जातच सुवाच्य आणि संपूर्ण लिहावे. पदवीच्या प्रमाणपत्राशी ते जुळलेले असले तर पुढे नोकरीच्या अर्जात दोन नावांचा खुलासा करावा लागत नाही.

अर्जाचे टप्पे

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या विद्यापीठात शाखा आहे का, हे स्पॅनिश किंवा आधुनिक भाषा विभागात विचारणे. सदस्यत्व शाखेमार्फतच मिळते. राष्ट्रीय कार्यालयाकडे विद्यार्थ्याने परस्पर अर्ज करून ते मिळत नाही. प्रत्येक शाखेला एक प्राध्यापक-सल्लागार असतो आणि पात्रतेची पडताळणी त्याच्याच हाती असते. काही विभाग दर सत्रात नोंदी पाहून पात्र विद्यार्थ्यांना निमंत्रण पाठवतात, तर काही ठिकाणी विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करावयाचा असतो. निमंत्रण आले नाही म्हणजे आपण अपात्र आहोत असे समजून गप्प बसू नये. दुसऱ्या महाविद्यालयातून आलेल्यांचे किंवा स्पॅनिश मुख्य विषय नसलेल्यांचे नाव विभागाच्या यादीतून सुटण्याची शक्यता असते. सल्लागाराला भेटून गुणपत्रिका दाखवणे हा सरळ उपाय आहे.

पडताळणीनंतर शाखा निवड करते आणि निवडलेल्या विद्यार्थ्याकडून आजीव सदस्यत्वाचे एकरकमी शुल्क घेते. रक्कम शाखेच्या सूचनेत दिलेली असते. राष्ट्रीय शुल्काखेरीज समारंभाच्या खर्चासाठी शाखा थोडी रक्कम घेते का, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. विभागाने शुल्काचा काही भाग उचलल्याचीही उदाहरणे असतात, म्हणून पैशाची अडचण असलेल्याने संकोच न करता सल्लागाराशी बोलावे. त्यानंतर सल्लागार नावांची यादी आणि शुल्क राष्ट्रीय कार्यालयाकडे पाठवतो आणि प्रमाणपत्रे तेथून तयार होऊन येतात. या सगळ्याला काही आठवडे लागत असल्यामुळे शाखेने दिलेली मुदत समारंभाच्या तारखेच्या बऱ्याच आधीची असते. प्रवेश समारंभ बहुतेक ठिकाणी वसंत सत्रात होतात. मे महिन्यात पदवी घेणाऱ्याने हिवाळ्याच्या सुटीपूर्वीच चौकशी केलेली बरी.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. विद्यार्थ्यांच्या ईमेल पेटीत ‘ऑनर सोसायटी’ या नावाने अनेक निमंत्रणे येतात आणि त्यांतली काही केवळ शुल्क घेऊन प्रमाणपत्र पाठवणारी असतात. खरी संस्था ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत : विद्यापीठात शाखा असते, नाव ठाऊक असलेला प्राध्यापक तिचा सल्लागार असतो, पात्रतेच्या अटी जाहीर असतात आणि ती १९२५ मध्ये स्थापन झालेल्या असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज या शिखर संघटनेची सदस्य असते. सिग्मा डेल्टा पाय या सर्व कसोट्यांवर उतरते.

प्रवेश समारंभ आणि त्यानंतरची जबाबदारी

प्रवेशविधी स्पॅनिशमध्ये होतो. संस्थेचे नाव ज्या ग्रीक ब्रीदवाक्याच्या आद्याक्षरांवरून आले आहे, त्याचा आशय स्पॅनिश भाषेच्या प्रेरणेने पुढे जाऊ या असा आहे. लाल आणि सोनेरी हे संस्थेचे रंग आहेत आणि लाल कार्नेशन हे तिचे फूल आहे. पदवीदान समारंभात झग्यावर घातली जाणारी दोरीही याच दोन रंगांची असते. ती सहसा वेगळी मागवावी लागते, प्रमाणपत्रासोबत येईलच असे नाही.

सदस्य झाल्यावर करावयाचे काम हा या संस्थेचा गाभा आहे आणि अर्ज करताना त्याचा विचार अवश्य करावा. अमेरिकेत १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा हिस्पॅनिक वारसा मास म्हणून पाळला जातो. १९६८ मध्ये तो एका आठवड्याचा उपक्रम म्हणून सुरू झाला आणि १९८८ मध्ये महिन्याचा झाला. प्रारंभासाठी १५ सप्टेंबर निवडण्याचे कारण असे की ग्वातेमाला, एल साल्व्हादोर, होन्दुरास, निकाराग्वा आणि कोस्ता रिका या पाच देशांचा तो स्वातंत्र्यदिन आहे, आणि मेक्सिकोचा व चिलीचा स्वातंत्र्यदिन त्याच आठवड्यात येतो. शाखेचे वर्ष बहुधा या महिन्यातील व्याख्याने, चित्रपट आणि काव्यवाचनाने सुरू होते. २३ एप्रिलच्या पुस्तकदिनी स्पॅनिश लेखक सेर्व्हान्तेसच्या स्मरणार्थ त्याच्या ‘डॉन किखोते’ या कादंबरीचे सलग जाहीर वाचन करण्याची प्रथाही अनेक आवारांत आहे. वाटेने जाणारा विद्यार्थी थांबतो, एक पान वाचतो आणि पुढे जातो.

नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला येणारा मेक्सिकोचा मृतांचा दिवस हा या कामाचा सर्वांत देखणा भाग म्हणता येईल. ग्रंथालयाच्या दर्शनी भागात पायऱ्यापायऱ्यांची वेदी मांडली जाते. तिच्यावर दिवंगतांची छायाचित्रे, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, मीठ, गोड पाव, वर कातरलेल्या रंगीत कागदाच्या पताका आणि सर्वत्र झेंडूची फुले असतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. दसऱ्याला दाराला त्याचे तोरण बांधत आलेल्या मराठी विद्यार्थ्याला ती वेदी पाहून परके वाटणार नाही, आणि फुले ओवण्याच्या कामात त्याचा हात इतरांपेक्षा लवकर चालेल. मात्र वेदी ही सजावट नव्हे. ती कोणाच्या आठवणीसाठी मांडली आहे, प्रत्येक वस्तू तेथे का आहे, हे शेजारी दोन भाषांत लिहिलेले असावे आणि मेक्सिकन कुटुंबांतील विद्यार्थ्यांना विचारून ते लिहिलेले असावे. ज्या शाखा एवढी काळजी घेतात, त्यांच्या कार्यक्रमाला गावातली स्पॅनिशभाषक कुटुंबेही आजीआजोबांना घेऊन येतात.

सक्रिय सदस्यांना राष्ट्रीय पातळीवर उन्हाळी परदेश-अभ्यासासाठी शिष्यवृत्त्या आणि संशोधनासाठी अनुदाने उपलब्ध असतात. चिलीच्या कवयित्री आणि १९४५ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी गाब्रिएला मिस्त्राल यांच्या नावाचा पुरस्कारही संस्था देते. अशा अर्जांसाठी सल्लागाराचे शिफारसपत्र लागते आणि सल्लागार लिहितो ते सदस्याने वर्षभर केलेल्या कामाबद्दल. म्हणून कार्यक्रमांच्या तारखा, आपण घेतलेली जबाबदारी आणि छायाचित्रे यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. शाखेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष सहसा वसंत सत्राच्या शेवटी निवडले जातात. त्यामुळे पदाधिकारी होऊ इच्छिणाऱ्याने शेवटच्या वर्षाची वाट न पाहता तिसऱ्या वर्षीच सदस्यत्व घ्यावे.

ज्यांच्या विद्यापीठात शाखा नाही त्यांनी पुरेसे पात्र विद्यार्थी आणि सल्लागार होण्यास तयार असलेला प्राध्यापक मिळाल्यास विभागप्रमुखांमार्फत राष्ट्रीय कार्यालयाकडे शाखा स्थापनेची विचारणा करावी. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजमधील विद्यार्थ्यांसाठी ‘सिग्मा डेल्टा म्यू’ ही संलग्न संस्था आहे आणि माध्यमिक शाळांसाठी १९५३ पासून कार्यरत असलेली ‘सोसिएदाद ओनोरारिया इस्पानिका’ ही स्वतंत्र संस्था आहे. या दोहोंपैकी एखाद्या संस्थेचे सदस्यत्व आधीपासून असले, तरी चार वर्षांच्या विद्यापीठात आल्यावर सिग्मा डेल्टा पायसाठी नव्याने पात्रता सिद्ध करून नव्याने अर्ज करावा लागतो.